चौथा रकाना

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी इंद्रियांची दोन कुळे मानली. डोळे, कान, त्वचा ही ज्ञानेंद्रिये. वाणी, हात, पाय ही कर्मेंद्रिये. अशा रीतीने हाताची गणना सेवकवर्गात झाली आणि ज्ञानाच्या पंक्तीत त्याला जागा मिळाली नाही. हे वर्गीकरण कोणी तरी बटणताईंना ऐकवले, तेव्हा त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, की हे ज्याने ठरवले त्याचा हात बहुधा कधी आजारी पडला नसावा.

बटणताई हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे, जिथे मार्गिका वळते आणि बहुतेक लोक आपण वाट चुकलो असे समजून परत फिरतात, तिथे व्यवसायोपचाराची खोली आहे. पक्षाघाताने किंवा अपघाताने ज्यांचा हात त्यांचे ऐकेनासा झाला, अशांना दात घासणे, कप धरणे, कुलूप उघडणे ही रोजची कामे पुन्हा शिकवायची, हा तिथला उद्योग. खोलीत एक सरावाचे स्वयंपाकघर आहे. त्यातल्या शेगडीवर चहा होतो आणि तो पुष्कळदा सांडतो. जाड दांड्यांचे चमचे आहेत, भोकांत खुंट्या खोचायच्या पाट्या आहेत, सांध्याचा कोन मोजायचे मापक आहे. आणि भिंतीशी टेकून उभी असलेली एक फळी आहे. तिच्यावर ताईंच्या यजमानांच्या जुन्या सदऱ्याची पुढची पट्टी ताणून बसवलेली आहे, सात बटणांची. बावीस वर्षांत शेकडो माणसांनी त्या सात बटणांशी झुंज दिली. ताईंचे नाव त्या फळीने ठेवले.

त्या खोलीत एक नियम आहे आणि तो वेदवाक्याइतका कडक आहे. रुग्ण बटणाशी झगडत असताना उपचार करणाऱ्याने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. बटण काजाच्या तोंडाशी येऊन पुन्हा निसटते, पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो, बोटे आपोआप पुढे धावतात. म्हणून त्यांना आसनाखाली कैद करायचे. नव्याने आलेल्या शिकाऊ मुलींना ताई सांगत, की या विद्येतली सगळ्यांत अवघड क्रिया हीच. मदत करणे कोणालाही जमते. ज्याच्यावर माया आहे त्याला मदत न करता त्याच्याजवळ बसून राहणे, याला साधना लागते.

दुसरा नियम कागदाचा होता. पहिल्या भेटीत भरायच्या कागदावर पाच रकाने. पहिल्या तिनांत नाव, आजार, सांध्यांची मापे. चौथ्यात एकच प्रश्न: या हाताने तुम्हाला पुन्हा काय करायचे आहे? याचे उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहायचे, असा ताईंचा दंडक होता. पाचव्या रकान्यात उपचाराची आखणी, आणि ती चौथ्यातून उगवली पाहिजे. चौथा रकाना जिने आपल्या मनाने भरला, तिला ताई तो कागद फाडून पुन्हा करायला लावीत. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी हकिगत या रकान्याभोवती फिरते.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बटणताईंनी डॉक्टरेट करायचे मनावर घेतले. त्याचे कारण एका निळ्या वहीत होते. घरी सोडलेल्या प्रत्येक रुग्णाला त्या सहा महिन्यांनी दूरध्वनी करून विचारीत, की सदऱ्याची बटणे कोण लावते. उत्तरे त्या वहीत उतरत. खोलीत सातही बटणे लावून टाळ्या घेऊन गेलेली माणसे घरी गेल्यावर बटणाला हात लावीत नसत. बायको लावते, सून लावते, नाही तर बटणांचा सदराच कपाटात जातो आणि गळ्यातून घालायचा सदरा येतो. बरा झालेला हात घरी गेल्यावर का झोपतो, हा प्रश्न ताईंच्या मनात वर्षानुवर्षे घर करून बसला होता. त्याचे उत्तर शोधायचे तर शास्त्र शिकून शोधावे, म्हणून त्यांनी तीन ठिकाणी अर्ज केले.

तिसऱ्याचा निकाल ताबडतोब लागला. तो घरबसल्या उरकायचा अभ्यासक्रम होता आणि त्याला व्यवसायोपचाराच्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे माहितीपत्रकात कुठे दिसेना. ताईंनी चौकशी केली, मान्यता नव्हती. त्यांच्या सासूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, वय एक्याऐंशी, यांनी त्याआधीच पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या चार चुकांवर लाल शाईने खुणा करून ते पत्रक बाजूला ठेवले होते.

राहिले दोन. पहिले मोठे विद्यापीठ, दूरच्या शहरातले. चार वर्षे नोकरी सोडून तिथे राहायचे. तिथली प्राध्यापिका बोटांच्या हालचालींवरची नाणावलेली विदुषी. तिच्या प्रयोगशाळेत बोटांवर बारीक संवेदक चिकटवून प्रत्येक पेराची गती यंत्रावर उमटवतात. दुसरे साधे विद्यापीठ, चार तासांच्या अंतरावर. तीन वर्षे, आपली नोकरी सांभाळून; प्रत्येक सत्रात दोन आठवडे तिकडे जायचे आणि आपल्याच कामातला एक प्रश्न घेऊन त्याची तड लावायची. दोन्हींनी प्रवेश देऊ केला आणि योगायोग असा, की दोन्हींना होकार कळवण्याची मुदत एकच होती: शुक्रवार, सायंकाळी पाच. पहिल्या विद्यापीठातली प्राध्यापिका यानंतर नवे विद्यार्थी घेणार नव्हती. एकाला हो म्हणणे म्हणजे दुसऱ्याचे दार कायमचे लावून घेणे होते.

ताईंचे यजमान भूमापन कार्यालयात नकाशे काढत. गोष्ट कागदावर आखल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नसे. रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या मेजावर मोठा कागद पसरला आणि सात रकान्यांचा तक्ता काढला: कीर्ती, मार्गदर्शक, ग्रंथालय, कालावधी, अंतर, मान्यता, पुढची संधी. प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्त्याला दुहेरी चौकट होती, खाली चिन्हांची सूची होती आणि उजव्या कोपऱ्यात, हाताच्या सवयीने, उत्तर दिशेचा बाण होता.

सासूबाईंनी चष्मा पुढे ओढून तो बाण पाहिला. "विद्यापीठाला जाताना बायको वाट चुकेल अशी भीती वाटते का रे तुला?"

यजमानांनी बाण खोडला नाही. नकाशाला बाण असतो, एवढेच ते म्हणाले. मग गुण द्यायला सुरुवात झाली आणि घरात कोणाचेही हात मांडीखाली राहिले नाहीत. यजमानांनी अंतराचे गुण दोनदा बदलले, कारण चार वर्षे एकट्याने राहण्याचा विचार त्यांना प्रत्येक वेळी वेगळा वाटे. सासूबाईंनी ग्रंथालयाला दहापैकी बारा द्यावेत असा हट्ट धरला. शेवटी बेरीज झाली: पहिले विद्यापीठ अठ्ठावन्न, दुसरे एकोणपन्नास.

"झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या. "जायचं मोठ्या ठिकाणी. माझी काळजी करू नकोस. तुझा तो जाड दांड्याचा चमचा मी तू गेल्यावरही वापरणार नाही. भोपळ्याच्या देठाने जेवल्यासारखं वाटतं."

"आणि चार वर्षं?" ताईंनी विचारले.

"मी वाट बघेन. मला दुसरं काम काय आहे?"

ताई हसल्या, पण तो अठ्ठावन्नचा आकडा त्यांना मनातून गोड लागला होता हे त्यांनी पुढे कधी लपवले नाही. त्याला एक जुना सल कारण होता. रुग्णालयातले अस्थिशल्यचिकित्सक बावीस वर्षे त्यांच्या खोलीला खेळण्यांचे दुकान म्हणत आले होते. थट्टाच ती, त्यात दुष्टावा नव्हता. तरीही खुंट्यांची पाटी उचलून "काय, आज कोण जिंकलं?" असे कोणी रोज विचारले, की एके दिवशी माणसाला वाटू लागते, आपल्यालाही एक यंत्र असावे, ज्याच्या पडद्यावर रेघा हलतील आणि समोरचा गप्प होईल. मोठ्या विद्यापीठात तसे यंत्र होते. ताईंनी मनाशी ठरवून टाकले. होकार शुक्रवारी कळवू, घाई कशाला, असे म्हणून त्या सोमवारी कामावर गेल्या.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक वयस्कर शिंपी येत असत. चाळीस वर्षांचे दुकान, उजव्या अंगाला पक्षाघात, आता चांगली सुधारणा. सहा आठवडे ताई त्यांच्याकडून कात्रीचा सराव करून घेत होत्या. आधी रबरी माती कापायची, मग जाड पुठ्ठा, मग कापड. शिंपीकाका वेळेवर येत, सांगितले तेवढे कापत, नमस्कार करून जात. इतका आज्ञाधारक रुग्ण विभागात दुसरा नव्हता.

बुधवारी सकाळी त्यांनी हातभर लांबीची रेघ कापडावर एका दमात कापली. कड किंचितही वाकली नव्हती. ताईंचे हात मांडीखाली होते ते सुटले आणि त्यांनी टाळी वाजवली. आता पुढच्या आठवड्यात शिलाई यंत्रावर बसू, असे त्या आनंदाने म्हणाल्या. शिंपीकाकांनी कात्री मेजावर ठेवली, तिची टोके भिंतीकडे वळवून.

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की, काका."

"मला या कात्रीचा कंटाळा आलाय. चाळीस वर्षं कापलंच आहे. आता मुलगा कापतो, माझ्यापेक्षा सरळ कापतो. मला माप घ्यायचंय."

ताईंना अर्थबोध व्हायला क्षणभर लागला. काका सांगत राहिले. त्यांचा उच्चार अजून थोडा जड होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते. मुलगा कारागीर उत्तम; मात्र माप घेताना तो तोंड उघडत नाही. गिऱ्हाईक येते, हात वर करते, आकडे लिहून होतात, गिऱ्हाईक जाते. "माप घेताना माणूस बोलतो, ताई. दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाची नोकरी गेली, सगळं मला टेप लावताना कळायचं. आता मी कोपऱ्यात खुर्चीवर. दुकानात माझं काम काय, तर पंख्याखाली बसणं."

"मग सहा आठवडे सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," काका अत्यंत सौजन्याने म्हणाले. "मला वाटलं, औषधासारखं असेल. आवडो न आवडो, घ्यायचं."

ताई उठल्या आणि त्यांनी कपाटातून काकांचा पहिल्या भेटीचा कागद काढला. चौथ्या रकान्यात लिहिले होते: कात्री चालवणे, शिवणे. अक्षर त्यांचे स्वतःचे होते आणि शब्दही. आठवण झाली. त्या पहिल्या दिवशी काकांची वाणी लुळी होती, एक वाक्य यायला मिनिट लागत होते, बाहेर सात माणसे खोळंबली होती. माणूस शिंपी, म्हणजे त्याला कात्रीच हवी, हे बावीस वर्षांच्या अनुभवाने परस्पर ठरवून टाकले होते. शिकाऊ मुलींचे कागद ज्या चुकीसाठी त्यांनी फाडले, तीच चूक त्यांच्या हातून, त्यांच्या वळणदार अक्षरात झाली होती.

त्यांनी काकांची क्षमा मागितली. काकांना फार संकोच वाटला; त्यांनी उलट ताईंनाच धीर दिला, की कात्रीमुळे अंगठा सुटा झाला, टेप धरायला तो लागेलच. मग तो कागद फाडला गेला. नव्या कागदावर चौथ्या रकान्यात ताईंनी काकांच्या तोंडून आले तसेच लिहिले: मला माप घ्यायचंय, माणसं बोलती करायचीत.

घरी परतताना त्यांच्या मनात मेजावरचा तक्ता उभा राहिला. सात रकाने, दुहेरी चौकट, दिशेचा बाणसुद्धा. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो प्रश्न त्यात कुठेच नव्हता. कीर्तीला गुण होते, ग्रंथालयाला गुण होते. निळ्या वहीला रकाना नव्हता. यजमानांनी आखला नाही, सासूबाईंनी सुचवला नाही हे खरे. पण विचारायला हवे होते ते ताईंनी, आणि स्वतःला.

गुरुवारी सकाळी त्यांनी मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापिकेला दूरध्वनी लावला. बटणांची फळी, निळी वही, कपाटात गेलेले सदरे, सगळे सांगितले आणि सरळ विचारले, की तुमच्याकडे येऊन मला या प्रश्नावर काम करता येईल का.

"प्रश्न फार चांगला आहे," प्राध्यापिका म्हणाल्या. "पण खरं सांगते, माझ्या प्रयोगशाळेत बोट येतं, घर येत नाही. इथे आलात तर बोटावर उत्तम काम कराल, आणि तेही कामाचंच आहे. तुमचा प्रश्न मात्र चार वर्षं दाराबाहेर उभा राहील."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मॅडम?"

"ते मी सांगणार नाही."

ताईंनी मनोमन हात जोडले. त्या दूरच्या शहरात, कुठल्याशा खुर्चीवर, ती थोर बाई आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसली आहे, असे त्यांना स्पष्ट दिसले.

निर्णय त्यानंतर सोपा झाला असे मी लिहिले, तर ते सत्य होणार नाही. हलणाऱ्या रेघांचे ते यंत्र सोडणे ताईंना जड गेले. शुक्रवारी दुपारी त्या लवकर घरी आल्या, मेजाशी बसल्या आणि साध्या विद्यापीठाला होकार कळवायचा अर्ज त्यांनी संगणकावर उघडला. यजमान त्या दिवशी रजेवर होते. सासूबाईंना आदल्या दिवशीच सगळे सांगून झाले होते, आणि त्यांनी ग्रंथालयाबद्दल एकदा हळहळून विषय सोडला होता. आता अर्जाचे शेवटचे पान उरले होते. त्यावर एकच कोरी चौकट होती: आपला प्रश्न आपल्या शब्दांत लिहा.

ताईंनी एक वाक्य लिहिले आणि पुसले. दुसरे लिहिले, तेही पुसले. घड्याळात सव्वाचार झाले. यजमान खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्यांच्याजवळ तीन वाक्ये तयार होती. सासूबाईंनी तर आयुष्यभर मुलींची वाक्ये दुरुस्त केली होती. त्यांची तर्जनी पडद्याच्या दिशेने निघालीच होती. मग त्या थांबल्या. संधिवाताने वाकलेले आपले दोन्ही हात त्यांनी एकेक करून उचलले आणि मांडीखाली ठेवले.

"तूही," त्या मुलाला म्हणाल्या.

छप्पन्न वर्षांचा तो नकाशाकार निमूटपणे आपल्या हातांवर बसला. मेजाभोवती दोन माणसे हातांवर बसलेली आणि एक लिहिणारी, असा अर्धा तास गेला. पावणेपाचला ताईंनी लिहिले: घरच्या माणसांनी मायेने हात पुढे केला, की बरा झालेला हात का मागे जातो, आणि माया कमी न करता त्यांनी आपला हात कसा आवरावा? त्यांनी ते एकदा मोठ्याने वाचले आणि अर्ज पाठवून दिला.

"पूर्णविराम नाही, प्रश्नचिन्ह बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता मला उठव. माझे हात अडकलेत."

महिन्याभराने ताई शिंपीकाकांच्या दुकानात गेल्या. नव्या विद्यापीठातल्या पहिल्या सत्राला एक कोट हवा, हे निमित्त. खरे तर निळ्या वहीतल्या कामाचा तो पहिला गृहपाठ होता: माणूस त्याच्या जागी काय करतो ते पाहणे. दुकान एका उतारावर होते, दारात आरसा, आत कापडाची ठाणे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठाणे रचून ठेवली होती, म्हणजे तिथे आता कोणी बसत नव्हते. काकांच्या गळ्यात टेप होता.

ताई दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. काकांनी टेपचे टोक उजव्या हाताच्या चिमटीत धरले आणि ते खांद्याकडे नेले. टेप निसटला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा नेला, पुन्हा निसटला. कापायच्या मेजाजवळ उभा असलेला त्यांचा मुलगा, स्वतः चाळिशीतला बाप्या माणूस, एक पाऊल पुढे आला. ताईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो मागे सरकला, स्टुलावर बसला आणि कोणी न सांगता त्याने आपले हात मांडीखाली घातले. घरी हे शिक्षण आधीच पोचले होते.

तिसऱ्या खेपेला टोक खांद्यावर बसले आणि बसून राहिले.

"खांदा, पंधरा," काकांनी मुलाला सांगितले आणि मुलाने हात मोकळे करून ते लिहून घेतले. मग काकांनी टेप बाहीकडे वळवला, सावकाश, जणू दुकानात दुसरे कोणतेही काम नाही.

"हं, ताई," ते म्हणाले. "आता बोला. मोठं विद्यापीठ सोडलंत म्हणे?"

आणि बटणताई, हात वर केलेल्या अवस्थेत, अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या.